एक डोंगल, दोन भाऊ आणि सिक्युअर बूट

“प्रिंटर राहू द्या मॅडम. आधी हे गेम चालू करून द्या.”

अंबादासशेठ चेष्टा करताहेत असंच मला वाटलं. सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारा, नातवंडं झालेला माणूस. गुरुवारी सकाळी, शिफ्ट चालू असताना, मला तातडीनं बोलावून घेतो आणि स्क्रीनवर बंदूकवाल्या गेमचं चित्र दाखवतो. मी अजून बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

“शेठ, हा डिझाइनचा कॉम्प्युटर आहे,” मी म्हटलं. “यावर गेम कुणी टाकला?”

“मी.”

“आणि खेळतं कोण?”

“मीच की.”

मी कारखान्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करते. वर्षाचा करार असतो, त्याला एएमसी म्हणतात. नेट गेलं, प्रिंटर अडकला, कीबोर्डवर कुणी चहा सांडला, की मला फोन येतो. बाई काम चोख करते पण बोलते फार, असं माझे क्लायंट सांगतात. दोन्ही खरं आहे. त्यामुळं शेठना भाषण ऐकून घ्यावं लागलं. कामाच्या मशीनवर गेम टाकला की व्हायरसला आमंत्रण, मशीन स्लो, धंद्याचा डेटा धोक्यात, वगैरे. शेठ खाली मान घालून ऐकत होते. एरवी हा माणूस माझं बिल बघूनही मान खाली घालत नाही.

भाषण संपवून मी स्क्रीनकडं बघितलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. पहिली मोठ्या अक्षरात, लाल रंगात: तुम्हाला प्रवेश नाही. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. या कॉम्प्युटरवर सिक्युअर बूट बंद आहे, ते चालू केल्याशिवाय खेळता येणार नाही.

“खालचं वाचलंत का शेठ?”

“वरचं वाचलं. तेवढं पुरे झालं.”

हे सिक्युअर बूट काय असतं, ते सांगते. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी आणि विंडोजबरोबर बरेच छोटे प्रोग्रॅम जागे होतात. सिक्युअर बूट हा त्यांच्यासाठी गेटवर बसवलेला वॉचमन. ज्याच्याकडं ओळखीचा सही-शिक्का असेल त्यालाच तो आत सोडतो. पूर्वी गेमना या वॉचमनशी देणंघेणं नव्हतं. पण ऑनलाइन गेममध्ये चोऱ्या वाढल्या. भिंतीपलीकडचा माणूस दिसावा, नेम आपोआप बसावा, यासाठी लोक चोरटे प्रोग्रॅम अगदी खालून घुसवायला लागले. म्हणून गेमवाल्यांनी फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम ठेवला. त्याला अँटीचीट म्हणतात. आता हा अँटीचीट म्हणतो, तुमच्या गेटवर वॉचमन असेल तरच खेळू देईन. सोमवारी आलेल्या अपडेटमध्ये हीच अट होती.

मी हे सगळं शेठना समजावून सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“म्हंजे मला कुणी काढलं न्हाय?”

“कुणी काढणार तुम्हाला?”

शेठ उठले. वार्पिंगचं, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळण्याचं, काम बघून येतो म्हणाले आणि गेले. पाठमोरे चालताना त्यांनी रुमाल काढून चेहरा पुसला. ऑफिसात एसी चालू होता.

त्यांच्या पत्नी पद्माक्का चहा घेऊन आल्या. दार लोटून घेतलं आणि समोर बसल्या.

“मॅडम, ते गेम चालू होईल ना?”

“अक्का, तुम्हीसुद्धा?”

“मला त्यातलं काय कळत न्हाय. पण ते चालू झालं पाहिजे.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझं भाषण मलाच टोचायला लागलं.

अंबादासशेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ गोपाळ, या दोघा दासरी भावांनी मिळून हा कारखाना वाढवला होता. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली. मोठ्या शेडच्या मधोमध पत्रा मारला. अर्धे लूम, म्हणजे माग, इकडं, अर्धे तिकडं. वाटणीच्या दिवशी शब्दाला शब्द वाढला आणि अंबादासशेठ म्हणाले, “तू माझा उंबरा ओलांडायचा न्हाय, मी तुझा न्हाय.” रागात म्हणाले. पण म्हणाले ते म्हणाले. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही. लग्नकार्यात एक पहिल्या पंगतीला, दुसरा शेवटच्या.

“पण मॅडम, दुपारी जेवण झालं की हे हितं हेडफोन लावून बसतात, आन गोपाळ तिकडं त्याच्या हापिसात. दोघांची जोडी असते गेममध्ये. जवान होते तवापासनं खेळतात. सासऱ्यांनी पयला कॉम्प्युटर घेतला तवा त्यांच्या चोरून खेळायचे.” अक्का थांबल्या. “दोन वर्षांत तेवढंच बोलणं ऱ्हायलंय. डावीकडं जा. गोळ्या घे. अन्ना, मागं बघ. मी दाराआड उभी राहून ऐकते.”

या घरात तेलुगू बोलतात. मोठ्या भावाला अन्ना म्हणतात.

“सोमवारपासनं ते उघडंना. ह्यांना वाटलं, गोपाळनं जोडीतनं काढून टाकलं. तवापासनं ताटावर बसतात आन तसंच उठतात.”

मी चहा प्यायले. तो गार झाला होता, पण काही बोलायला नको म्हणून प्यायले. माझ्यासारखीला गप्प बसायला चहाचा आधार लागतो.

आता वॉचमन चालू करणं माझ्या हातातलं होतं. अडचण दुसरीच होती. तो वॉचमन मीच बंद ठेवला होता, आणि त्याला कारण होतं. कारण म्हणजे डोंगल.

टॉवेलवर जी नक्षी असते ती आधी कॉम्प्युटरवर काढतात. मग ती फाइल पेनड्राइव्हवरून जकार्ड लूमला देतात, म्हणजे कुठला धागा कधी उचलायचा ते लूमला कळतं. दासरी कुटुंबाचं हे डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला कुलूप आहे, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे डोंगल. दिसायला पेनड्राइव्हसारखं. ते लावलं, त्यावरचा लाल दिवा लागला, तरच सॉफ्टवेअर उघडतं. डोंगलला विंडोजशी बोलायला दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या डोंगलचा ड्रायव्हर इतका जुना की त्याच्याकडं आजच्या पद्धतीचा सही-शिक्काच नाही. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, त्यामुळं नवा ड्रायव्हर येण्याची आशा नाही. वडलांच्या काळापासूनची सगळी डिझाइनं त्याच सॉफ्टवेअरमध्ये. दुसरीकडं उघडायला गेलं की मोराची कोंबडी होते.

थोडक्यात, गेमला गेटवर वॉचमन हवा, डोंगलला नको. एका मशीनवर दोघांचं जमणं शक्य नाही.

आणि डोंगल होतं एकच. वाटणीत लूम वाटले, गोडाऊन वाटलं, टेम्पो वाटले. डोंगल कसं वाटणार? म्हणून तोड अशी निघाली की सोमवार ते बुधवार डोंगल थोरल्याकडं, गुरुवार ते शनिवार धाकट्याकडं. ने-आण कारखान्याच्या गेटवरचा मल्लप्पा करायचा, औषधाच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीतून. मी आजवर बऱ्याच वाटण्या पाहिल्या. डोंगलच्या पाळ्या फक्त इथंच पाहिल्या.

मी शेठना हाक मारून हे सांगणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. गोपाळशेठ. त्यांची एएमसीही माझ्याकडंच आहे.

“मॅडम, कुटं हाय? लगेच या. अन्नानं डोंगल जाळून पाठवलंय.”

“काय?”

“दिवाच लागंना! आज सकाळी मल्लप्पानं आणून दिलं. लावलं तर मेल्यागत पडलंय. संध्याकाळपर्यंत बायरला सँपलची फाइल द्यायचीय. मुद्दाम केलंय त्यानं. वकिलाला फोन लावतोय मी. वाटणीचं सगळं परत उकरून काढतो.”

पद्माक्कांना आवाज ऐकू गेला होता. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना एवढंच म्हटलं, “अक्का, शेठना यातलं काही सांगू नका. मी आले.”

पत्र्याच्या पलीकडं जायला बाहेरून गेटला वळसा घालावा लागतो. मल्लप्पा स्टुलावरून उठून माझ्यामागं चालायला लागला. दुधनीकडचा माणूस, या कारखान्यात जुना. गोपाळशेठचा आरडाओरडा त्यानं ऐकला होता.

“बाई, म्या काय केलं न्हाय बगा. डबीत घातलं, डबी खिशात घातली, खिशावर हात ठिवला. वाटंत कुणाला नमस्कार बी केला न्हाय.”

“तुम्हाला कोण काय म्हणतंय मल्लप्पा?”

“आज न्हाय म्हनत. पर दोगं एक झाले की माजंच नाव काडतील. काडतील तर काडू द्या. एक होऊ द्या.”

गोपाळशेठच्या ऑफिसात डोंगल खरंच निपचित होतं. मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथं कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी असते. डोंगलसमोर पिवळा त्रिकोण होता आणि कोड बावन्न. या कोडचा अर्थ असा की विंडोजला ड्रायव्हरची सही पटलेली नाही. वस्तू जळाली असती तर यादीत दिसलीच नसती.

“गोपाळशेठ, सेटिंगमध्ये काय बदललंत?”

“काय न्हाय.”

मी सिक्युअर बूट तपासलं. चालू. या मशीनवरही ते मी बंद ठेवलं होतं.

“हे चालू कुणी केलं?”

धाकटे शेठ जरा नरमले. “ते व्हय. ते गेमसाठी. मंगळवारी व्हिडिओ बघून केलं. डोंगल अन्नाकडं होतं तवा, त्यामुळं डिझाइनचं काय अडलं न्हाय.”

“गेम चालला?”

“चालला की.” मग आवाज उतरला. “पण अन्ना येईना. रोज दुपारी उघडून बसतोय. त्याचं नाव राखाडीच, म्हंजे तो आत आलेलाच न्हाय. मला वाटलं, त्यानं आता हे बी तोडलं. वर आज डोंगल असं पाठवलं.”

मला हसावं की रडावं कळेना. एकाला वाटत होतं भावानं काढलं. दुसऱ्याला वाटत होतं भावानं सोडलं, आणि वर सूड घेतला. आणि झालं काय होतं, तर एक सेटिंग एकीकडं चालू होतं आणि दुसरीकडं बंद.

“तुमचं डोंगल जळालेलं नाही,” मी म्हटलं. “सिक्युअर बूट बंद केलं की लगेच दिवा लागेल. करू का बंद?”

“नको.”

“सँपल द्यायचंय ना?”

“बंद केलं की गेम बंद. अन् आज दुपारी अन्ना आला तर?” हे बोलून ते स्वतःच ओशाळले आणि लगेच ताठ झाले. “आन डोंगल जळालंच हाय. तुम्ही अन्नाकडनं आलाय, तुम्ही त्याचीच बाजू घेणार.”

माझा पारा चढला. मी दोन्हीकडं एकाच दरानं काम करते आणि दोन्हीकडं सारखीच तडकते. पण वकिलाचा नंबर त्यांच्या फोनवर समोरच दिसत होता. इथं भांडून चालणार नव्हतं. डोंगल चालतं हे दोघांनी एकाच वेळी, एकाच जागी बघायला हवं होतं. थोरले इकडं येणार नाहीत आणि धाकटे तिकडं जाणार नाहीत. व्हिडिओ कॉल करते म्हटलं, तर “व्हिडिओत काय बी दावता येतं,” हे उत्तर.

मग मला देऊळ आठवलं.

गेटच्या आत मार्कंडेयाचं छोटं देऊळ आहे. विणकरांचं दैवत. त्याला लागून एक खोली आहे, पूर्वी तिच्यात ग्राफच्या कागदावरची डिझाइनं ठेवायचे. देवाची जागा म्हणून तिची वाटणी केली नाही. दिवा लावायला सकाळी एक भाऊ येतो, संध्याकाळी दुसरा. वाटणीनंतर खोलीला दुसरं दार पाडून घेतलं, चुकून समोरासमोर यायला नको म्हणून. भांडायला सुद्धा माणसं गवंडी लावतात.

मी पद्माक्कांना फोन केला. “शेठना देवळाच्या खोलीत आणाल का?”

“काय सांगून आणू?”

“काहीही सांगा.”

“आज सकाळचा दिवा ऱ्हायलाय. ह्यांच्या ध्यानातच न्हाय. तेच सांगते.”

माझ्या बॅगेत एक जुनाट लॅपटॉप असतो. त्यात अशा पुराणवस्तूंचे ड्रायव्हर टाकून ठेवलेत आणि त्याचं सिक्युअर बूट बंद असतं. तो नेटला मी कधीच जोडत नाही. खोलीतल्या टेबलावर मी तो उघडून ठेवला. एका दारातून गोपाळशेठ आले. दुसऱ्या दारातून अंबादासशेठ, हातात तेलाची बाटली. दोघं एकमेकांना बघून जागच्या जागी थांबले. कुणी मागं फिरायच्या आत मी म्हटलं, “एक मिनिट. दोघांनी फक्त इकडं बघायचं.”

आणि डोंगल लावलं.

दिवा लागायला दोन-चार सेकंद लागतात. त्या दोन-चार सेकंदांत माझ्याच मनात आलं, समजा खरंच बिघडलं असेल तर? कोड बावन्न काहीही म्हणो, वस्तू जुनी आहे. मग लाल दिवा लागला. मी सोडलेला श्वास देवळातल्या देवालाही ऐकू गेला असेल.

“हे बघा. जळालेलं नाही. गोपाळशेठनी गेमसाठी सेटिंग चालू केलं, म्हणून त्यांच्याकडं डोंगल चालेना. अंबादासशेठचं सेटिंग बंदच राहिलं, म्हणून त्यांच्याकडं गेम उघडेना. एकच कारण. कुणी कुणाला काढलं नाही, कुणी काही जाळलं नाही.”

दोघंही माझ्याकडं बघत होते. म्हणजे एकमेकांकडं बघावं लागू नये म्हणून माझ्याकडं.

“मॅडम, त्याला सांगा,” अंबादासशेठ म्हणाले, “डोंगल मी पुसून, डबीत कापूस घालून देतो. दर बुधवारी.”

“मॅडम, ह्यांना सांगा,” गोपाळशेठ म्हणाले, “मी कुणाचं नाव काढलं न्हाय. रोज दुपारी बसून होतो.”

“मी काय टपाल आहे का?” मी फणकारलेच. “दोन हातांच्या अंतरावर उभे आहात. आणि आता मुद्द्याचं ऐका. तुमच्या मशीनवर एकच गोष्ट चालेल. वॉचमन चालू ठेवला तर गेम. बंद ठेवला तर डिझाइन. काय ठेवायचं ते सांगा.”

अंबादासशेठनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली. 

“डिझाइन चालू करा,” ते म्हणाले. “त्याचं सँपल अडलंय. गेमचं काय, जाऊ द्या.”

“न्हाय,” गोपाळशेठ म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी मान वळवली. “अन्ना, गेम जायचं न्हाय. सँपलचं मी बघतो कसं तरी. गेम जायचं न्हाय.”

पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे लूम खडखडत होते. अंबादासशेठनी मान हलवली.  माझ्या धंद्यात अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवत नाही. मी कामाचं बोलले.

“दोन्ही राहील. पण तिसरं मशीन लागेल.”

उपाय साधा आहे. जे जुनं सॉफ्टवेअर वॉचमनसोबत चालत नाही, त्याला वेगळं मशीन द्यायचं, आणि त्या मशीनचे बाहेरचे सगळे रस्ते बंद करायचे. नेटची वायर नाही, वायफाय नाही. बाहेरून कुणी येऊच शकत नसेल तर गेटवर वॉचमन नसला तरी भागतं. फाइल न्यायला एकच पेनड्राइव्ह, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, आणि लावण्याआधी तपासायचा. बाकी दोन्ही मशीनवर वॉचमन चालू. तिथं मेल, बिलं, बँक आणि हो, गेम. खरं सांगायचं तर ही व्यवस्था आधीपेक्षा चांगली होती. इतके दिवस बँकेचं काम होतं त्याच मशीनवर वॉचमन बंद ठेवावा लागत होता, आणि ते मला रोज टोचत होतं. गेममुळं कुणाच्या कॉम्प्युटरची सुरक्षा वाढली, असं वाक्य मी आयुष्यात कधी बोलेन असं वाटलं नव्हतं.

“मशीन कुटं ठेवायचं?” गोपाळशेठनी विचारलं.

“इथंच. या खोलीत. डोंगल मागं कायमचं लावून टाकते. ने-आण बंद.”

दोघांनीही ‘इथं नको’ म्हटलं नाही. मी ते होकार समजून कामाला लागले.

अंबादासशेठच्या स्टोअरमध्ये सूत गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यांखाली एक जुना कॉम्प्युटर पडलेला होता. धूळ झटकून, रॅम काढून पुसून, परत बसवून तो चालू केला. वायफायचं कार्ड काढून माझ्या बॅगेत टाकलं. दोघांची डिझाइनं आधी एका बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग या मशीनवर. गोपाळशेठ खुर्ची ओढून तिथंच सँपलला बसले. किनारीला एक वेल द्यायची होती. थोड्या वेळानं बघते तर अंबादासशेठ त्यांच्या मागं उभे. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “हितं पान एक कमी कर. शिवणीत जाईल.” गोपाळशेठनी कमी केलं. कुणी मला टपाल केलं नाही.

आता राहिलं थोरल्यांचं मशीन, आणि ते सोपं नव्हतं. त्याची डिस्क जुन्या पद्धतीची होती. सिक्युअर बूट चालू करायला डिस्कची मांडणी आधी नव्या पद्धतीत वळवावी लागते. विंडोजमध्ये त्याची सोय आहे, डेटा जात नाही असं म्हणतात. म्हणतात. मी ते वळवलं, बायोसमध्ये गेले, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, आणि वॉचमन चालू केला. रीस्टार्ट दिला.

काळी स्क्रीन.

पद्माक्का दारात होत्या. शेठ माझ्या खांद्यामागं. डिझाइनं बाहेर काढून ठेवली होती. पण आत्ता डिझाइनांचा प्रश्न नव्हताच. दुपारची वेळ जवळ आली होती. पलीकडं एक माणूस सँपल पाठवून हेडफोन लावून बसला असणार, आणि आज परत नाव राखाडी दिसलं असतं तर त्याला माझं सेटिंग-पुराण कितपत पटलं असतं?

“गेलं काय?” शेठनी हळूच विचारलं.

“थांबा.”

थांबलो. एक बारीकशी रेघ लुकलुकली. मग विंडोजचं चित्र आलं. मी कपाळावरचा घाम ओढणीनं पुसला आणि शेठना खुर्ची दिली.

गेम उघडला. लाल ओळ नव्हती. आवाज तपासायचा म्हणून मी हेडफोनऐवजी स्पीकर लावला. हे मी मुद्दाम केलं, नाकारत नाही. एका कोपऱ्यात गोपाळशेठचं नाव हिरवं होतं. शेठनी क्लिक केलं.

स्पीकरमधून आवाज आला. “अन्ना?”

“आँ,” शेठ म्हणाले. “आलो.”

पुढचं सगळं तेलुगूत. मला मोजकेच शब्द कळतात. शेठ गेममध्ये पहिल्याच मिनिटाला मेले. पलीकडून असा काही भडिमार झाला की पद्माक्का तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. आज त्या दाराआड उभ्या नव्हत्या. मला त्यांनी हातानंच खूण केली, चला, जेवून जा. डाव संपल्यावर शेठ ताटावर बसले ते तिसरी भाकरी मागूनच उठले. मला इतकं हलकं वाटत होतं की शेंगाचटणी तिखट लागली नाही. आणि दासरींच्या घरची चटणी तिखट लागत नाही म्हणजे माणूस ठिकाणावर नाही असं समजावं.

निघताना मी गोपाळशेठना विचारलं, “वकिलांचं काय?”

“त्यांनी तवा फोनच उचलला न्हाय. लई बरं झालं.”

या गोष्टीला आता काही महिने झाले. पत्रा तसाच आहे. वाटणी तशीच आहे, आणि ती तशीच राहील. जो तो आपले लूम चालवतो. पण देवळाच्या खोलीतल्या मशीनवर पाळ्या टिकल्या नाहीत. दोघांनाही ते एकाच वेळी लागतं. परवा गोपाळशेठचा फोन आला.

“मॅडम, अन्ना लई वेळ अडवून बसतो. तुम्ही जरा सांगा की त्याला.”

“तुम्हीच सांगा.”

“सांगितलं की. भांडलो बी सकाळी.”

“कुठं?”

“खोलीत. समोरासमोर.”

मी ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला. ते तक्रार ऐकवायला फोन करत होते आणि मी बरं झालं म्हणत होते. बाईला कळलं नाही असं वाटलं असणार त्यांना.

एवढ्यावरून मी एक नियम करून टाकलाय आणि तो प्रत्येक क्लायंटला ऐकवते. ज्या दोन गोष्टी एका मशीनवर नांदत नाहीत, त्यांना वेगवेगळं मशीन द्यावं. हा नियम मशीनचा आहे. माणसांचं मला विचारू नका.